रुग्ण झालेला चॅटबॉट: हिस्टरीच्या सरावाला कितपत कामाचा?

हिस्टरी घेणं म्हणजे रुग्णाला प्रश्न विचारून त्याच्या त्रासाची माहिती काढणं. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या या सरावासाठी रुग्ण बनलेल्या चॅटबॉटला पाचपैकी साडेतीन तारे, तेही केस नीट लिहून दिली तरच. ‘तू छातीत दुखणारा रुग्ण हो’ एवढंच टाइप करून सराव सुरू केलात, तर दोन तारेसुद्धा जास्त होतील.

रुग्णाची भूमिका शिकवलेल्या माणसांवर विद्यार्थ्यांनी सराव करायचा, ही कल्पना हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये आणली. 1975 मध्ये रोनाल्ड हार्डन यांची ऑस्की (OSCE) परीक्षा आली, म्हणजे ‘स्टेशन’ नावाच्या ठरावीक वेळेच्या टप्प्यांवर घेतली जाणारी प्रात्यक्षिक परीक्षा, आणि अशा रुग्णांची गरज आणखी वाढली. पण असा माणूस रात्री अकरा वाजता खोलीवर सापडत नाही, आणि तीच केस सातव्यांदा तितक्याच उत्साहाने करत नाही. चॅटबॉट करतो. त्याची खरी किंमत इथेच आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी त्याला सांभाळून घ्यावं लागतं.

पहिला दोष म्हणजे हा रुग्ण फार बोलका. ‘काय त्रास होतोय?’ एवढं विचारलं की उत्तर येतं: ‘सकाळी सहापासून छातीच्या मधोमध दुखतंय, डाव्या हातात रेडिएट होतंय (पसरतंय), घाम सुटलाय, मळमळतंय, बीपीची गोळी चालू आहे.’ एका प्रश्नात अर्धी हिस्टरी खलास, वर रुग्णाच्या तोंडी ‘रेडिएट’! भरपूर आणि उपयोगी उत्तर द्यायचं, अशीच या मॉडेलची घडण असते. खरा रुग्ण मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि विचारलं तरी कधी कधी लपवतो.

उपाय म्हणजे केस आधी कागदावर मांडून मगच चॅटबॉटला देणं. तीन भाग पाडा. रुग्ण आपणहून सांगेल ते: फक्त एक वाक्य. थेट विचारल्यावर सांगेल ते: दुखणं कधी सुरू झालं, कुठे पसरतं, कशाने वाढतं, घाम, सवयी, घरातले आजार. आणि नीट, आडोसा ठेवून विचारलं तरच सांगेल ते. खाली नियम लिहा: एका वेळी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलू नकोस, वैद्यकीय शब्द वापरू नकोस, कागदावर नसलेलं विचारलं तर ‘आठवत नाही’ म्हण, निदान सुचवू नकोस.

तिसऱ्या भागात काय ठेवता यावर केसचा कस ठरतो. समजा, चौपन्न वर्षांच्या गृहस्थांनी काल रात्री सिल्डेनाफिल (लैंगिक ताठरतेसाठीची गोळी) घेतलंय.

‘औषधं कोणती चालू आहेत?’
‘बीपीची एक गोळी. बाकी काही नाही.’
‘काका, जरा खासगी विचारायचंय. छातीत दुखणाऱ्या प्रत्येकालाच विचारावं लागतं, कारण पुढचं औषध त्यावर ठरतं. कालपरवा शरीरसंबंधांसाठी एखादी गोळी घेतली होती का?’
‘…हो. काल रात्री.’

हा दुसरा प्रश्न सुटला आणि जिभेखाली नायट्रेट (छातीदुखीवरचं, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) दिलं, तर बीपी धाडकन कोसळू शकतं. सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि त्याच प्रकारच्या टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट द्यायचं नाही, ही ओळ पाठ असणं वेगळं आणि संकोच गिळून तो प्रश्न विचारता येणं वेगळं. हा संकोच मोडायला यंत्रासमोरचा सराव उत्तम, कारण समोर कुणी लाजत नाही आणि कुणी हसतही नाही.

गप्पा लांबल्या की रुग्ण आपलीच हिस्टरी विसरतो. सकाळी सहाला सुरू झालेलं दुखणं पंचविसाव्या प्रश्नाला ‘काल रात्रीपासून’ होतं. लांब संभाषणात आधीचे तपशील निसटतात आणि तो जागच्या जागी नवे रचतो, म्हणून असं होतं. आठ मिनिटांत थांबा. ऑस्कीच्या स्टेशनचा सरावही होतो. शिवाय केसेस पुस्तकी निघतात. हार्ट अटॅक असूनही छातीत न दुखता नुसती धाप आणि थकवा घेऊन आलेली मधुमेही आजी हवी असेल, तर ती मुद्दाम मागावी लागते.

फीडबॅक हा सगळ्यात कच्चा भाग. ‘कसं केलं?’ विचारलंत की कौतुकच कौतुक. त्यापेक्षा संभाषण नव्या चॅटमध्ये चिकटवा, वीस मुद्द्यांची चेकलिस्ट द्या आणि प्रत्येकासमोर ‘विचारलं’ किंवा ‘नाही’ एवढंच मागा, सोबत विद्यार्थ्याचं नेमकं वाक्य. वाक्य दाखवता आलं नाही तर गुण नाही. मग आकडे जमिनीवर येतात. आवाजी मोडमध्ये आणखी एक अडचण असते: वाईट बातमी सांगून गप्प बसायला गेलात की शांतता म्हणजे तुमची पाळी संपली असं समजून तो बोलायला लागतो. ते कौशल्य माणसासमोरच शिकावं.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी गणितं घालताना ड्रॉप फॅक्टर, म्हणजे सलाईनच्या सेटमधून एका मिलीला किती थेंब पडतात तो आकडा, स्वतः लिहावा. 1000 मिली सलाईन 8 तासांत द्यायचं, तर 20 थेंबांच्या सेटला मिनिटाला 42 थेंब, 15 च्या सेटला 31, मायक्रोड्रिपला (मिलीला 60 थेंब) 125. फॅक्टर दिला नाही तर चॅटबॉट एखादा गृहीत धरून बिनधास्त उत्तर देऊ शकतो. साखरेच्या आकड्यांचंही तसंच. ‘साखर 9’ म्हणजे मिलिमोल की मिलिग्रॅम हे त्याला सांगा; मिलिमोलला 18 ने गुणलं की मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर येतं. दिलेले संदर्भ उघडून पाहा, काही मुळात अस्तित्वातच नसतात.

शारीरिक तपासणीच्या सरावासाठी शून्य तारे. मर्मर (हृदयातला जादा आवाज) ‘ऐकू येतोय’ असं वाचून कान तयार होत नाही. आणि वॉर्डातला खरा केसपेपर यात चिकटवू नका, नाव खोडलेलं असलं तरी. वय, गाव, तारीख आणि दुर्मीळ निदान एकत्र आलं की माणूस ओळखू येतो. केस बदलून लिहायला पाच मिनिटं लागतात.