जुनं सेसना १७२ एम: बरेच महिने सांभाळल्यानंतरचा अनुभव

१९७० च्या दशकातलं सेसना १७२ एम, म्हणजे एका इंजिनचं छोटं चार सीटचं विमान, घेऊन आता बरेच महिने झालेत. उडतं कसं यावर भरपूर लिहिलं गेलंय, ते एका वाक्यात सांगतो, शांत विमान आहे आणि पायलटच्या बारीकसारीक चुका पोटात घालतं. मला लिहायचंय ते हँगरमधल्या कामाबद्दल आणि स्पेअरबद्दल, कारण वेळ तिथेच जातो.

इंजिन लायकमिंग ओ-३२०, दीडशे हॉर्सपॉवर. यात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वर असतो, त्यामुळे विमान खूप दिवस उभं राहिलं की तेल खाली निथळतं, कॅम कोरडा पडतो आणि गंज धरतो, मग तोच गंज स्टार्ट केल्यावर टॅपेटची, म्हणजे कॅम ज्यांना ढकलतो त्या भागांची, तोंडं खातो. विकणारा "फारसं उडालेलंच नाही हो" म्हणाला की म्हणूनच मी आधी सावध होतो. आणि नुसतं जमिनीवर दहा मिनिटं इंजिन फिरवून काही होत नाही, तेल पुरेसं तापत नाही आणि आतला ओलावा तसाच राहतो. उडवायलाच हवं.

फिल्टर असेल तर तेल ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी, जे आधी येईल ते. दरवेळी जुना फिल्टर कटरने उघडतो, घड्यांचा कागद कापून व्हाइसमध्ये दाबतो, तेल पिळून काढतो आणि चांगल्या उजेडात पसरून बघतो. चमक दिसली की मॅग्नेट फिरवायचा, कण चिकटले तर लोखंड, म्हणजे कॅम, टॅपेट, रिंग यांच्याकडे बघायचं, नाही चिकटले तर बहुतेक अ‍ॅल्युमिनियम, मग पिस्टन पिनच्या प्लगवर संशय. माझ्या मते या विमानावर घालवलेला सगळ्यात सत्कारणी लागलेला वेळ हाच.

आता स्पेअर. लँडिंगनंतर नोजव्हील जोरात थडथडायला लागलं. शिमी डँपर (ही थडथड शोषणारा तेलाचा छोटा सिलिंडर) उघडला तर ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा, कडक झालेल्या, तेल गळून आत हवा शिरलेली. नव्या ओ-रिंग टाकल्या, लाल ५६०६ हायड्रॉलिक तेल हवा पूर्ण काढून भरलं, बरंच थांबलं पण थोडी थरथर राहिलीच, ती निघाली टॉर्क लिंकच्या (नोजव्हील सरळ धरणाऱ्या बिजागरीच्या) झिजलेल्या बुशची. ओ-रिंग स्टँडर्ड नंबरच्या म्हणून लगेच मिळाल्या, बुशसाठी मात्र विमान कितीतरी दिवस उभं. सगळ्या विमानाचं हेच आहे बघा, एएन-एमएस नंबरचे (सगळ्या विमानांना चालणारे स्टँडर्ड) नटबोल्ट, ब्रेक लायनिंग, टायर, प्लग यांची चिंता नाही, बऱ्याच गोष्टी पीएमए (पार्ट बनवण्याची सरकारी परवानगी) मान्यता घेतलेले दुसरे उत्पादकही बनवतात, पण फक्त याच मॉडेलचा एखादा ब्रॅकेट किंवा फेअरिंग (हवेसाठी लावलेलं बाहेरचं झाकण) हवं असेल तर भंगारात काढलेल्या विमानांमागे फिरावं लागतं. आतलं प्लास्टिक तर वयाने इतकं ठिसूळ झालंय की स्क्रू काढताना तुकडा हातात येतो.

तरी हे १७२ आहे म्हणून निभावतंय. १९५६ पासून बनतंय, १९८६ नंतर काही वर्षं बंद होतं तेवढंच, आणि एकूण ४४ हजारांच्या वर बनलीत, त्यामुळे कुठे ना कुठे पार्ट असतोच. कमी संख्येने बनलेलं विमान स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी हा विचार आधी करावा.

पार्ट शोधताना नुसतं वर्ष सांगू नका. पार्ट्स कॅटलॉगमध्ये सिरियल नंबरची रेंज दिलेली असते, आणि दिसायला सारखा असलेला पार्ट त्या रेंजबाहेरचा निघू शकतो. आणि कागद, कागद, कागद. एका विक्रेत्याकडून अल्टरनेटर आला, मस्त रंगवलेला, पण ८१३०-३ फॉर्म (पार्ट वापरायला योग्य असल्याचा दाखला) नाही, टॅग नाही, कुठल्या विमानातून काढला याचा पत्ता नाही. माझ्या मेकॅनिकने बॉक्सबाहेरसुद्धा काढू दिला नाही, तसाच परत पाठवला, आणि त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. आत काय भरलंय हे बाहेरून कोणालाच कळत नाही.

एक गोष्ट अजिबात टाळू नका, सीट रेल. सीट ज्या पट्टीवर सरकते तिची भोकं झिजली की सीट अडकवणारी पिन नीट बसत नाही, टेकऑफला सीट मागे सरकते आणि पायलट हातातलं योक (विमानाचं स्टिअरिंग) घेऊनच मागे जातो. यावर एफएएने (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) १९८७ मध्ये एडी, म्हणजे सुरक्षेचा बंधनकारक आदेश, काढला, २०११ मध्ये त्याची जागा नव्या एडीने घेतली, तपासणी पुन्हा पुन्हा करायची असते. मी तर दरवेळी बसल्यावर सीट जोरात मागेपुढे हलवून बघतो.

घ्यायचं असेल तर आधी बोअरस्कोपने (आत घालायचा बारीक कॅमेरा) सिलिंडर बघून घ्या, लॉगबुक पहिल्या पानापासून वाचा, एडींची यादी एकेक करून जुळवा. मधली काही वर्षं गायब असतील तर रंग कितीही छान असो, दुसरं विमान बघा. आणि दुरुस्तीच्या बजेटबरोबर विमान उभं राहण्याचे आठवडेही धरून चाला, मी तेवढ्यासाठी ओ-रिंग, फिल्टर, ब्रेक लायनिंग आणि टायर-ट्यूबचा एक सेट कायम हँगरमध्ये ठेवतो.