फुजी एक्स-टी३ वर स्विमिंगचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो, आठ महिन्यांनंतर

पोरगी टँकवर जाते म्हणून मीही जातो, दीड तास बाकड्यावर बसून मोबाइल चाळण्यापेक्षा कॅमेरा न्यावा म्हटलं, तिथून हे सुरू झालं. कोचसरांना विचारलं, पालकांच्या ग्रुपवर प्रत्येकाची हो घेतली (हे आधी करा, पोहणाऱ्या लहान मुलांचे फोटो आहेत, न विचारता काढायचे नाहीत म्हणजे नाहीत) आणि फुजीचा एक्स-टी३, २०१८ चं मॉडेल, वर ५०-१४० एफ २.८ लेन्स, दोन्ही सेकंडहँड घेतलं.

ब्लॅक अँड व्हाइट का, तर खरं सांगतो, नाइलाजाने. आमचा टँक पत्र्याखाली, अर्धा उजेड ट्यूबांचा, अर्धा बाजूच्या जाळीतून येणारा, त्यात हिरवट फरशी आणि लाल-पिवळे-निळे लेन रोप. कलरमध्ये पोरं कावीळ झाल्यासारखी दिसायची आणि नजर चेहऱ्याऐवजी रोपवर जायची. कंटाळून फुजीचा, काळ्या-पांढऱ्या फिल्मची नक्कल करणारा, अ‍ॅक्रॉस मोड लावला आणि व्ह्यूफाइंडरमध्येच सगळं काळं-पांढरं दिसायला लागलं, रंगच दिसत नसल्याने आपसूक खांदा, पाणी, तोंड एवढंच बघतो आपण. आयएसओ (म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ला जो रवा, म्हणजे दाणेदारपणा, येतो तो कलरमध्ये घाण वाटतो, इथे जुन्या फिल्मसारखा वाटतो, मला तरी आवडतो.

सेटिंग जे जमलं ते असं: शटर १/१०००, अ‍ॅपर्चर उघडं, आयएसओ ३२०० ते ६४००, सगळं मॅन्युअल. ऑटोवर ठेवलं की पांढरा फेस उडाला रे उडाला की कॅमेरा फोटो काळा करतो. फ्लिकर रिडक्शन चालू ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते आणि एकाच बर्स्टमधले, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग काढलेले, फोटो एक उजळ एक अंधारा असे येतात, रंग काढला तरी हे जात नाही. फोकससाठी एएफ-सी (हलत्या माणसावर सतत फोकस ठेवणारा मोड) याचा सेट २, म्हणजे मधे अडथळा आला तरी आधीचाच माणूस धरून ठेवणारा, नाहीतर फोकस शिंतोड्यांवर उडी मारतो. गॉगल आणि कॅप घातलेल्या चेहऱ्यावर फेस डिटेक्शनच्या नादी मी लागत नाही, छोटा झोन पुरतो. फ्लॅश विसरा, स्टार्टच्या यंत्राला स्वतःचा लाइट असतो, तिथे आपण चमकवलं तर हाकलतील आणि बरोबरच आहे.

बटरफ्लाय समोरून, जवळजवळ पोटावर झोपून काढायचा. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या एशियाडला ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं ते सर पोरांना सारखं ऐकवतात, त्यामुळे प्रत्येकाला फोटो बटरफ्लायमधलाच हवा. बरेच जण एक स्ट्रोक सोडून श्वास घेतात, म्हणून वॉर्मअपलाच मोजून ठेवायचं. डोकं वर येताना एक क्षण असा असतो की पाणी अजून फुटलेलं नसतं, काचेसारखा पापुद्रा कपाळावरून गॉगलपर्यंत ताणलेला असतो आणि त्याखाली तोंड उघडायला लागलेलं. आठ महिन्यांत असे मोजून चार मिळाले. ब्रेस्टस्ट्रोक सोपा, दर स्ट्रोकला तोंड वर. फ्रीस्टाइलला कोण कुठल्या बाजूला श्वास घेतो ते बघून त्या बाजूला उभं राहा.

आता मुख्य मुद्दा, फिल्टर. अ‍ॅक्रॉसमध्ये पिवळा, लाल, हिरवा असे तीन आहेत, ज्या रंगाचा फिल्टर तो रंग फोटोत उजळ येतो आणि विरुद्ध रंग गडद. पहिले तीन महिने मी लालच्या प्रेमात होतो, निळं पाणी एकदम काळंशार आणि थेंब पांढरे, बघणारा वा म्हणणारच. मग एका आईने विचारलं, क्लबचं नाव कुठे गेलं? लाल कॅपवर पांढरी अक्षरं, लाल फिल्टरमध्ये दोन्ही पांढरं! नशीब रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, सोबत ठेवली होती, कॅमेऱ्यातच हिरवा फिल्टर लावून परत काढून दिलं, अक्षरं आली, पण पोरगं काळवंडलं. आणि दुसरं त्याहून वाईट, ते सरांनी दाखवलं. माझ्या बारा बाय अठराच्या प्रिंटकडे बघून म्हणाले, “अहो, ही पोरं तांब्यासारखी आहेत, तुम्ही सगळ्यांना गोरं करून टाकलंत.” खरंच होतं, लाल फिल्टर त्वचा उजळ करतो हे मला माहीत होतं, दिसलं नव्हतं. बऱ्याच पालकांना तर तेच आवडलेलं, ते ऐकून मला जास्तच कसंतरी झालं.

तेव्हापासून पिवळा. पाणी थोडं गडद होतं, तेवढं नाट्य नाही, पण पोरं पोरांसारखी दिसतात. लाल आता फक्त बॅकस्ट्रोकच्या स्टार्टला, तिथे पोहणाऱ्याच्या अंगाच्या कमानीखाली पाणीच जास्त असतं.

बाकी किरकोळ: एसी गाडीतून उतरून थेट टँकवर बॅग उघडू नका, लेन्सवर वाफ धरते, वीस मिनिटं बंद ठेवा. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या डब्यात सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या) हवंच, माझ्या एका जुन्या लेन्सला बुरशी लागली ती माझ्याच आळसाने. बॅटरी दोन जास्तीच्या न्या, रिलेच्या दिवशी तिन्ही संपतात.