मेंडोझा की काफायाते?
मित्रासोबत सॅक पाठीवर टाकून अर्जेंटिनाच्या द्राक्षमळ्यांत भटकायचं असेल, तर माझं मत काफायातेला. मेंडोझा मोठं शहर. माल्बेक ही रेड वाइन तिथली शान, पण वायनरी शहराबाहेर विखुरलेल्या. जवळच्या मायपूत भाड्याची सायकल मिळते. लांबच्या उको खोऱ्यातल्या वायनरींसाठी मात्र गाडी ठरवावी लागते, आणि ती दोघांच्याच खिशाला जड जाते. काफायाते हे सुमारे १,७०० मीटर उंचीवरचं छोटं गाव. मधल्या चौकातून पायीच कितीतरी वायनरी गाठता येतात आणि सुगंधी, पांढरी तोर्रोन्तेस वाइन प्यावी तर इथेच! साल्ता शहराहून येणारी बस केब्रादा दे लास कोन्चास या दरीच्या लालभडक कड्यांमधून जाते, खिडकीची जागा नक्की धरा. हां, ६,९६१ मीटरचा अकोन्काग्वा पर्वत बघायचाय? मग मेंडोझाच.