मुंबईची शिडाची बोट दक्षिणेकडे न्यायची झाल्यास : मांडवी की बोलगाट्टी?

मुंबईत मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच कायमच्या नांगराला बांधून, असलेली शिडाची बोट कायमची दुसरीकडे हलवावी, असा विचार ज्यांच्या मनात पक्का होत आला आहे, त्यांच्यासमोर माझ्या मते गंभीरपणे विचार करण्याजोगे दोन पर्याय उरतात. एक गोव्यातील मांडवी नदी आणि दुसरा कोचीच्या बोलगाट्टी बेटावरील मरीना, म्हणजे बोटी थेट धक्क्याला बांधून ठेवण्याची जागा. माझी अठ्ठावीस फुटी बोट गेटवेसमोरच्या पाण्यात नऊ वर्षे होती. त्यानंतर ऑक्टोबर ते मे असा एक पूर्ण हंगाम ती मांडवीत राहिली आणि गेली तीन वर्षे ती कोचीत आहे. मी कोठेही मोजमापे घेतलेली नाहीत, नोंदवही फक्त इंजिनाच्या तासांची ठेवली. त्यामुळे पुढील मजकूर एका मालकाचा अनुभव म्हणूनच वाचावा, ही विनंती.

मुंबई का सोडायची, हे तेथील बोटमालकांना सांगण्याची गरज नाही. उधाणाच्या दिवसांत चार-साडेचार मीटरने वरखाली होणारे पाणी, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या शेवाळलेल्या पायऱ्या आणि मेअखेरीस डोलकाठी उतरवून, क्रेन ठरवून बोट शाकारून ठेवण्याची दरवर्षीची धावपळ आपण सर्वांनी अनुभवली आहे. कोळी बांधव हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्यामागचे त्यांचे शहाणपण वादातीत आहे. पण त्यांच्या होड्या वाळूवर ओढण्यासाठीच घडवलेल्या असतात, आणि खोल कील (तळाखाली उतरणारा जड कणा) असलेल्या बोटीला ती सोय नसते.

प्रवासाबाबत दोन्ही पर्यायांत पहिला टप्पा एकच आहे. मुंबईहून मांडवीचे मुख सुमारे २२० सागरी मैलांवर आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पहाटेचा मतलई वारा किनाऱ्यालगत पुढे नेतो आणि दुपारनंतर वायव्येचा वारा मागून येतो, म्हणून दक्षिणेकडे जाणे सुखाचे असते. जयगड आणि विजयदुर्ग येथे नांगर टाकून रात्री विश्रांती घेता येते. त्यांपैकी विजयदुर्गच्या वाघोटण खाडीत मला जशी शांत झोप लागली, तशी संपूर्ण किनाऱ्यावर दुसरीकडे कोठे लागली नाही. वेंगुर्ल्याचे खडक मात्र दिवसाउजेडीच ओलांडावेत. गोव्याहून कोची आणखी साडेतीनशे मैल आहे. या दुसऱ्या टप्प्यात अंतरापेक्षा रात्रीची जाळी अधिक त्रास देतात. कर्नाटकच्या दक्षिण भागापासून पुढे मैलोन्‌मैल पसरलेल्या जाळ्यांच्या टोकांना एखादाच मिणमिणता दिवा असतो, आणि इंजिनाच्या पंख्यात जाळे अडकले की सुरी घेऊन पाण्यात उतरण्याखेरीज उपाय राहत नाही. मी दोनदा उतरलो. सोबत अनुभवी माणूस नसेल तर या टप्प्यासाठी एखादा जाणता तांडेल (नाखवा) घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. बोटीची व खलाशांची सर्व कागदपत्रे हाताशी ठेवावीत आणि व्हीएचएफ रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनेल सतत ऐकत राहावे. समुद्रमार्गे झालेल्या २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर या किनाऱ्यावर चौकशी होणे स्वाभाविक आहे आणि वेळेवर दिलेल्या उत्तराने ती लवकर संपते.

ट्रेलरवरून नेण्याचाही विचार मी केला होता. राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलहून निघून गोवामार्गे कोचीवरूनच पुढे जातो, त्यामुळे तो मार्ग सरळ वाटतो. परंतु डोलकाठी उतरवल्यानंतरही कीलसह बोटीची उंची इतकी राहते की वाटेतील प्रत्येक लोंबती तार हा प्रश्न ठरतो. उथळ किंवा वर उचलता येणारी कील असलेल्यांनी मात्र हा मार्ग लगेच सोडून देऊ नये.

आता मांडवीविषयी. गोव्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचता येते, भाषेची अडचण नाही आणि फायबरग्लासचे काम जाणणारी माणसे मिळतात. शिडाच्या बोटींविषयी तेथे जी आस्था आहे ती अन्यत्र मला दिसली नाही. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी ज्या ‘म्हादेई’तून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती बोट मांडवीतल्याच दिवाडी बेटावर बांधली गेली. नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी जिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली त्या ‘तारिणी’चा जन्मही तेथलाच. त्या नदीत आपली बोट उभी आहे या भावनेचे मोल मी कमी लेखणार नाही. शिवाय नदीच्या मुखाशी असलेल्या आग्वादच्या बाहेर पडले की हिवाळ्यात दुपारी जो वारा मिळतो, तसा एकसारखा व प्रसन्न वारा मला कोचीबाहेर क्वचितच मिळाला आहे.

तरीही मी तेथून निघालो, आणि त्याचे कारण वरवर पाहता अगदी किरकोळ आहे : बोटीपर्यंत पोहोचणे. माझ्या हंगामात मला मांडवीत सोय मिळाली ती मूरिंगची, म्हणजे बोट पाण्यात आणि मालक काठावर. मध्ये दीडशे मीटर पाणी आणि ते ओलांडण्यासाठी स्वतःची डिंगी (लहानशी होडी) किंवा कोणाची तरी होडी. डिंगी काठावर कोठे ठेवायची, तिचे लहान इंजिन रोज काढून कोठे न्यायचे, ओहोटीच्या चिखलातून ती कशी ढकलायची आणि पणजीसमोरून सतत ये-जा करणाऱ्या प्रवासी बोटींच्या लाटांत बॅटरी व गॅसची टाकी तोल सांभाळून वर कशी चढवायची, या प्रश्नांत माझ्या प्रत्येक शनिवारचा पहिला दीड तास जात असे. पत्नीचे गुडघे दुखतात. डिंगीतून बोटीवर चढणे तिला जमेना आणि डिसेंबरनंतर तिने येणे सोडले. मुंबईतही हेच होते, पण तेथे दुसरा पर्याय नाही म्हणून ते सहन होत असे. बोट नवीन प्रदेशात नेण्याचा सारा खटाटोप करून तीच अडचण पुन्हा अंगावर घ्यावी का, हा विचार तेव्हापासून मनात होता.

त्याचे उत्तर मेमधील एका संध्याकाळी मिळाले. वळवाचा पाऊस घाटाकडून आला, वाऱ्याने एकदम दिशा बदलली आणि काठावर उभ्या असलेल्या माझ्या डोळ्यांदेखत पुढचे गुंडाळलेले शीड सुटले. माझी डिंगी त्या वाऱ्यात पाण्यात लोटणे शक्य नव्हते आणि होडीवाले आपापल्या होड्या वर ओढून बसले होते, जे योग्यच होते. सुमारे चाळीस मिनिटे शीड फडफडत राहिले आणि त्याच्या ओढीने बोट मूरिंगभोवती फिरत राहिली. जे काम एका दोरीचे दोन वेढे देऊन अर्ध्या मिनिटात झाले असते, ते करण्यासाठी मला दीडशे मीटर पाणी पार करता येईना. शीड फाटले. ते नवीन शिवून मिळाले, तरी ती चाळीस मिनिटे मी विसरलेलो नाही.

पावसाळ्याचा प्रश्नही याच धाग्याने पुढे येतो. मांडवीच्या मुखावरील वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा उथळ पट्टा, पावसाळ्यात इतका धोकादायक होतो की खनिजाच्या बार्जेसही त्या काळात समुद्रातून न जाता कुंभारजुवे कालव्यातून झुआरीकडे वळत. डोलकाठी असलेल्या बोटीला पुलांमुळे तोही मार्ग बंद असतो, म्हणून जून ते सप्टेंबर ती एक तर जमिनीवर हवी किंवा पुराच्या पाण्यात मूरिंगच्या भरवशावर. पावसाळ्यातील बाहेरचे पाणी काय करू शकते, हे २००० च्या जूनमध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ने दाखवले. ते मोठे जहाज वाहत येऊन कांदोळीच्या वाळूत रुतले आणि दहा वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिले. मुरगाव हे बारमाही बंदर खरे, पण झुआरीचे मुख पश्चिमेला रुंद उघडे आहे आणि लहान बोटीला तेथे मनासारखा आडोसा मला तरी सापडला नाही.

बोलगाट्टीच्या मरीनात मी प्रथम पोहोचलो तेव्हा दोरी बांधली, इंजिन बंद केले आणि चालत काठावर गेलो. इतके साधे कृत्य मी नऊ अधिक एक वर्षांत केले नव्हते. ही मरीना २०१० मध्ये सुरू झाली. बेटावर डचांनी १७४४ मध्ये बांधलेला वाडा आहे आणि तेथील मुक्कामाची सोय केरळच्या पर्यटन महामंडळाकडे आहे. जागा मोठी नाही, तीस-पस्तीस बोटींपुरती आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी जागेची लेखी निश्चिती करूनच मुंबई सोडावी. समुद्रातून येताना वाटेत पूल लागत नाही. जहाजांसाठी गाळ काढून राखलेला मार्ग बारमाही उघडा असतो आणि बेटाच्या आत समुद्राची लाट पोहोचत नाही. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम एक मीटरचा, त्यामुळे तरंगत्या धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकायला दर वेळी जवळजवळ तितकीच उंची मिळते. पत्नी आता येते, आणि चहाचा थर्मास हातात घेऊन स्वतःच्या पायांनी बोटीवर चढते. सलग तीन पावसाळे बोट पाण्यातच राहिली. जुलैमध्ये जोरदार वारा सुटल्याचे कळले की मी विमानाने जातो, दोऱ्या तपासतो, घासल्या जाणाऱ्या ठिकाणी रबरी नळीचे तुकडे चढवतो आणि केबिनमध्येच झोपतो.

कोचीचे दोष मात्र झाकून ठेवू नयेत. पावसाळ्यात नद्यांबरोबर जलपर्णीचे हिरवे तराफे वाहत येतात आणि धक्का व बोट यांच्यामध्ये अडकतात. ते बांबूने सारावे लागतात आणि तोपर्यंत इंजिन सुरू करू नये, कारण थंड पाण्याची नळी हमखास तुंबते. पुढे उन्हाळ्याकडे पाणी खारे झाले की जलपर्णी मरते. पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडे होत असल्यामुळे तळाला शिंपले कमी धरतात, असे मला वाटते. निदान माझ्या बोटीचा तळ मुंबईच्या तुलनेत निम्म्या कष्टात स्वच्छ होतो. गाळ हा कोचीच्या पाण्याचा स्वभावच आहे, म्हणून ज्यांची कील दोन मीटरच्या जवळ जाते त्यांनी आपल्याला मिळणाऱ्या नेमक्या जागेची खोली ओहोटीच्या वेळी, स्वतः वजनाची दोरी सोडून मोजावी. खर्च मांडवीतील मूरिंगपेक्षा स्पष्टपणे अधिक आहे आणि विमानभाडे धरले तर तो बराच अधिक होतो. परत उत्तरेकडे यायचे झाल्यास सारा प्रवास वाऱ्याच्या तोंडावर होईल, तेव्हा वर्षभराचा प्रयोग म्हणून कोचीला जाणे मला व्यवहार्य वाटत नाही.

म्हणून ज्यांना दर शनिवार-रविवारी शीड उभारायचे आहे, ज्यांचे गुडघे धड आहेत, ज्यांना डिंगीचा कंटाळा नाही आणि पावसाळ्यात बोट जमिनीवर ठेवण्याला ज्यांची हरकत नाही, त्यांनी मांडवी निवडली तर मी त्यांना अडवणार नाही. हिवाळ्यातील वाऱ्यासाठी तर ती निवड चांगलीच म्हणावी लागेल. परंतु जे महिन्यातून एकदाच बोटीवर जाऊ शकतात आणि उरलेले एकोणतीस दिवस आपली बोट कशी असेल या काळजीत काढतात, त्यांनी बोलगाट्टीकडे आधी चौकशी करावी. शक्य झाल्यास ही चौकशी जूनच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्यक्ष जाऊन करावी आणि त्याच फेरीत गोव्यात उतरून, भर पावसात मांडवीच्या काठावर उभे राहून, मूरिंगवरच्या एखाद्या बोटीपर्यंत आपण त्या क्षणी कसे पोहोचलो असतो ते पाहावे.