पाकळीचा ल आणि डेबियन 13: सात महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉप 2016 चा, सहाव्या पिढीचा आय5, 8 जीबी रॅम. एसएसडी मी मागाहून टाकून घेतली, त्यामुळे अजून झकास चालतो. पण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता आणि विंडोज 11 च्या यादीत हा प्रोसेसर नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, नवा घ्या." चालतं यंत्र भंगारात टाकणं माझ्या जिवावर आलं.

म्हणून 2025 च्या मेच्या शेवटी विंडोजऐवजी डेबियन या फुकट लिनक्स प्रणालीची टेस्टिंग (चाचणीतली) आवृत्ती बसवली, तेव्हा बाहेर न आलेली 13 वी, नाव ट्रिक्सी. 17 मेला हार्ड फ्रीज लागला होता, म्हणजे मोठे बदल बंद आणि चुका निस्तरणं चालू. त्या भरवशावर धाडस केलं. वायफाय पहिल्याच फटक्यात लागलं.

आता ल. मी घरून मुद्रितशोधन करते, दिवसाचे आठ तास अक्षरं बघते. इतकी वर्षं स्क्रीनवर हिंदी वळणाचा दांडीचा ल बघून डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं व्हायचं. इथे fonts-lohit-deva-marathi असं पॅकेज आहे, नावातच मराठी. ते टाकलं, लिब्रेऑफिसमध्ये तोच फॉन्ट लावला, आणि 'लाल कमळ' लिहिलं. दोन्ही ल दोन पाकळ्यांचे! श सुद्धा आपल्या वळणाचा. मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं. शाळेत गिरवलेलं अक्षर समोर आलं याचा मला फार आनंद झाला, आणि या एका गोष्टीसाठी मी बाकी बरंच सोसलं असतं.

मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कळफलकही चोख. शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ, की 'वाऱ्यावर' मधला ऱ्य बरोबर उमटतो.

जुलैत मात्र मी विंडोजकडे परत निघाले होते. दिवाळी अंकांची प्रुफं ढिगाने आलेली आणि प्रिंटर बंद. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर बसेचना. सर्व्हिस सेंटरला तीन फोन केले. तिसऱ्यांदा उत्तर आलं, "विंडोज नसेल तर आम्ही बघत नाही." वॉरंटी शिल्लक असताना! त्या आठवड्यात प्रिंटआउटचे पैसे बाहेर मोजले, पानामागे पाच रुपये. चिडून तो ड्रायव्हर काढून टाकला, यूएसबीची वायर सोडवली आणि प्रिंटर घरच्या वायफायला जोडला. मिनिटभरात तो यादीत आपोआप दिसला. एअरप्रिंट (वायफायवरून थेट छापायची सोय) असलेल्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, हे सर्व्हिसवाल्याने सांगायला हवं होतं. तेव्हापासून एकही पान अडलेलं नाही.

बसवणाऱ्यांनी एक बघावं: सोर्सेसच्या फाइलीत, म्हणजे पॅकेजेस कुठून घ्यायची ते लिहिलेल्या यादीत, 'testing' नको, 'trixie' लिहा. 9 ऑगस्टला ट्रिक्सी स्टेबल, म्हणजे अधिकृत पक्की आवृत्ती झाली, तेव्हा माझ्याकडे काही हललं नाही. 'testing' असतं तर पुढच्या आवृत्तीच्या मागे फरफटत गेले असते. पॅकेजेस बसवणारं-काढणारं नवं एपीटी 3.0 काढायची पॅकेजेस लाल रंगात दाखवतं. लाल ओळ वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.

डेबियनचा खर्च शून्य. अडचण एकच उरली: काही लेखक अजून युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर पाठवतात. त्या फाइली पेनड्राइव्हवर घालून भावाच्या विंडोजवर बदलून आणते.