सायकल कॉम्प्युटर : काही महिने वापरल्यावर काय उपयोगी ठरलं, काय नाही

नकाशा असलेला, बटणांवर चालणारा, मधल्या गटातला जीपीएस कॉम्प्युटर काही महिने सतत हँडलबारवर आहे. खोक्यावरच्या फीचर्सपैकी निम्मी एव्हाना कोणाला आठवतही नाहीत. रोज संबंध येतो तो बॅटरी, वाट दाखवणं, उंचीचा सेन्सर आणि उन्हात दिसणारी स्क्रीन यांच्याशी.

आधी बॅटरी. कंपनी सांगते ते तास बहुधा बॅकलाइट बंद आणि नेव्हिगेशन बंद ठेवून मोजलेले असतात. नकाशा, फोनची जोडणी आणि रात्रीचा प्रकाश सुरू झाला की आकडा झपाट्याने घसरतो. ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करणाऱ्यांनी गणित उलट्या बाजूने मांडावं: २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तासांची मुदत असते. ४०० च्या पुढे वाटेत चार्जिंग करावं लागणार हे गृहीतच धरा. म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. चार्जिंग चालू असताना रेकॉर्डिंग सुरू राहतं का, आणि माउंटवर (हँडलबारवरच्या पकडीत) बसवल्यावर केबल पोर्टपर्यंत पोचते का. पोर्ट खालच्या बाजूला असेल तर अनेकदा माउंटच आडवा येतो. पावसात पोर्टचं रबरी झाकण उघडून चार्जिंग करू नका. पाणी राहून पिना गंजतात.

उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. त्यामुळे राइडमध्ये हवामान पालटलं तर जागेवर उभं राहूनही उंची बदललेली दिसते. यापेक्षा त्रासदायक म्हणजे सेन्सरचं बारीक छिद्र घामाने किंवा पावसाने बुजणं. ऐन चढावर ० टक्के चढ दिसतो आणि मग आकडा एकदम उडी मारतो. गोड्या पाण्याने हलकेच धुऊन वाळवा, सुई मात्र घालू नका. छिद्र स्वच्छ असलं तरी चढाचा टक्का काही सेकंद उशिरानेच येतो.

दाट झाडीत आणि घाटाच्या वळणांवर नुसत्या जीपीएसचा वेग डळमळतो, अंतरही थोडं कमी भरतं. हबवरचा (चाकाच्या मधल्या भागावरचा) स्पीड सेन्सर हे सावरतो, पण चाकाचा घेर बरोबर हवा: ७००×२५ (२५ मिमी रुंद) टायरला सुमारे २१०५ मिमी, ७००×२८ ला २१३६. टायर २८ चा आणि सेटिंग २५ चं राहिलं तर १०० किमीमागे जवळपास दीड किमी कमी दिसतात. नेहमीची हवा भरा, सायकलवर बसा, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण करा आणि चाकाचा एक पूर्ण फेरा सरळ रेषेत मोजा. तक्त्यापेक्षा हे माप भरवशाचं.

नेव्हिगेशनमध्ये खरी निराशा फाइलमुळे होते. जीपीएक्स प्रकारच्या मार्गाच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा नुसते बिंदू असतात, वळणांच्या सूचना नसतात. टीसीएक्स किंवा फिट प्रकारच्या फाइलमध्ये त्या येऊ शकतात. स्वस्त मॉडेल फक्त रेघ दाखवतं आणि वाट चुकली की शिटी वाजवून मोकळं होतं. नवी वाट काढायला रस्त्यांचं जाळं असलेला नकाशा यंत्रातच हवा. असला तरी आपोआप नवा मार्ग काढणं बंद ठेवलेलं बरं, कारण जवळचा रस्ता शोधण्याच्या नादात ते मधला टप्पा बिनदिक्कत गाळतं.

सेन्सर सापडत नसेल तर आधी फोनवर संशय घ्या. ब्लूटूथचे अनेक सेन्सर एका वेळी एक-दोनच जोडण्या देतात आणि फोनमधल्या अ‍ॅपने ती जागा अडवलेली असते. एएनटी+ या सेन्सर जोडायच्या दुसऱ्या बिनतारी पद्धतीत ही अडचण नाही, एकच सेन्सर कितीही यंत्रं ऐकू शकतात. केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) मधूनच गायब होत असेल, विशेषतः थंड सकाळी, तर सेन्सरमधला सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बदलून पाहा.

स्क्रीन ऊन परावर्तित करणारी असेल तर भर दुपारी सर्वात स्पष्ट दिसते आणि बॅटरीही वाचते. रंगांचा झगमगाट दुकानातच शोभतो. एका पानावर सहापेक्षा जास्त आकडे ठेवू नका. पावसात थेंबही टचस्क्रीन दाबतात, तिथे बटणंच बरी.

रोज फक्त तासभर ठरलेल्या रस्त्यावर चालवणार असाल तर यातलं काहीच लागत नाही. चाकावर चुंबक लावायचा साधा कॉम्प्युटर पुरे. त्याचा सेल महिनोन् महिने चालतो. आणि यंत्र कुठलंही असो, पाव फेरा फिरवून बसवायच्या माउंटचे प्लास्टिकचे दात झिजतात. खडबडीत रस्त्यावर यंत्र निसटू शकतं, म्हणून सोबत येणारी दोरी स्टेमला (हँडलबार धरणाऱ्या दांड्याला) बांधूनच ठेवा.