क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएच.डी. अर्जासाठी घेतलेली मार्गदर्शन सेवा

अमेरिकेतील क्लिनिकल सायकॉलॉजीच्या (मानसिक विकारांचे निदान व उपचार यांच्याशी संबंधित मानसशास्त्राच्या शाखेच्या) पीएच.डी.साठी अर्ज करताना मी पुण्यातील एका प्रवेश-मार्गदर्शन संस्थेची सेवा घेतली. माझ्या मसुद्यांतील इंग्रजी त्यांनी नेटके केले आणि कागदपत्रे डिसेंबरच्या मुदतीआधी मार्गी लावली, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र या शाखेची प्रवेशप्रक्रिया मुळातच वेगळी आहे याची त्यांना जाण नव्हती, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. येथे बहुतेक ठिकाणी विशिष्ट प्राध्यापकाच्या संशोधनाशी विद्यार्थ्याची आवड किती जुळते यावर निवड ठरते. त्यामुळे ते प्राध्यापक यंदा नवा विद्यार्थी घेणार आहेत का, हे अर्जापूर्वीच पाहावे लागते. मला मात्र सर्व विद्यापीठांसाठी अर्जासोबतचे एकच निवेदन, तेही बालपणीच्या दुःखद प्रसंगाने सुरू होणारे, सुचवण्यात आले.

पीएच.डी. आणि साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी ही पदवी) यांतील फरकही मला स्वतःच शोधावा लागला. मानसशास्त्रज्ञांच्या १९४९ च्या बोल्डर परिषदेने आखलेली पहिली वाट संशोधन व उपचार या दोन्हींवर भर देते आणि तेथे बहुधा शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते. १९७३ च्या व्हेल परिषदेने मान्यता दिलेली दुसरी वाट उपचारप्रधान असून तिचा खर्च बहुतेकदा विद्यार्थ्यालाच पेलावा लागतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक डॉक्टरेट अभ्यासक्रमाला खर्च, गळती, इंटर्नशिप आणि परवान्याची आकडेवारी आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. ते तक्ते उघडून दाखवण्याचे काम तरी शुल्क घेणाऱ्या समुपदेशकाने करायला हवे होते.